वऱ्हाडच्या पाण्यातली वीण

अकोला, अमरावती, अचलपूर, मूर्तिजापूर यांपैकी कुठल्याही मासळी बाजारात गेले तरी रोहू, कटला आणि मृगळ हे तीन मासे हटकून दिसतात. काही माल आंध्रातून बर्फात येतो, काही काटेपूर्णा, वान, ऊर्ध्व वर्धा अशा धरणांतून निघतो. धरणातला मासा गिऱ्हाईक आपल्याकडचाच समजते आणि वाढीपुरते ते खरेही आहे. पण या माशांची वीण धरणाच्या साचलेल्या पाण्यात होत नाही. त्यांचे बीज कुठल्यातरी केंद्रात इंजेक्शन देऊन तयार केलेले असते आणि पावसाळ्यात प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून धरणावर आणून सोडलेले असते. एखाद्या वर्षी बीज कमी पडले, उशिरा आले किंवा निकृष्ट निघाले, तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार हे तिथेच ठरून जाते. मासेमारीची चर्चा मात्र जाळी, होड्या, ठेके आणि भाव यांभोवतीच फिरते. माशाच्या विणीविषयी फारसे कुणी बोलत नाही.

आधी नद्या पाहू. अमरावती जिल्हा दोन समुद्रांत विभागलेला आहे. पूर्वेच्या सीमेवरून वाहणारी वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, तिथून प्राणहिता होऊन गोदावरीत जाते आणि बंगालच्या उपसागराला पोचते. पश्चिमेकडचे पाणी पूर्णेचे. बैतूल जिल्ह्यात भैसदेहीजवळ सातपुड्यात उगम पावलेली पूर्णा अमरावती, अकोला, बुलडाणा ओलांडून जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीत मिसळते. शहानूर, चंद्रभागा, पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा, मन, वान या तिच्या उपनद्या. मेळघाटातल्या सिपना, गडगा, खापरा, खंडू थेट तापीकडे वळतात. हे सगळे पाणी सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते. मासे नद्यांच्या याच वाटांनी पसरले आणि त्यांच्या विणीच्या सवयीही याच वाटांनी, पावसाच्या याच वेळापत्रकाने घडल्या.

एखादा मासा कधी आणि कुठे वितो, हे शास्त्रज्ञ शोधतात कसे? पद्धत साधी पण चिकाटीची आहे. वर्षभर, दर महिन्याला, एकाच ठिकाणचे लहानमोठे मासे घ्यायचे. प्रत्येकाची लांबी-वजन नोंदवून पोट फाडायचे आणि जननग्रंथी शरीराच्या वजनाच्या किती टक्के भरते ते काढायचे. हा आकडा महिन्यागणिक वाढत जातो आणि एका टप्प्यावर एकदम कोसळतो. कोसळला त्या महिन्यात वीण झाली असे समजायचे. सोबत अंड्यांचा व्यास मोजायचा आणि एका मादीच्या पोटात अंडी किती ते मोजायचे. शेवटी, किती लांबीला निम्मे मासे पहिल्यांदा प्रौढ होतात ते ठरवायचे. या शेवटच्या आकड्याला सर्वांत जास्त किंमत आहे, कारण त्याहून लहान मासा पकडणे म्हणजे एकदाही न व्यालेला मासा पकडणे.

किनाऱ्यावर या अभ्यासाचे आता कायद्यात रूपांतर झाले आहे. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा घोषित केले. त्या वेळचे मत्स्यव्यवसाय मंत्री सुधीर मुनगंटीवार हे चंद्रपूरचे, म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या विदर्भातले, हा मुद्दाम नोंदवावा असा योगायोग. त्याच वर्षी राज्याने 54 सागरी जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. सातपाटीसारख्या पापलेटसाठी नावाजलेल्या बंदरात डोलजाळ्यांत अडकणाऱ्या पिल्लांची चिंता आधीपासून होतीच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने वर्षानुवर्षे केलेली मोजमापे या नियमांच्या पाठीशी आहेत. जून आणि जुलैमधली मासेमारी बंदीही किनाऱ्यावर सवयीची झाली आहे. वऱ्हाडच्या आठवडी बाजारात सुके बोंबील आणि सुकट घेणाऱ्या घरांपर्यंत या निर्णयांचे परिणाम पोचतात. परंतु ज्या पूर्णेकाठी किंवा वर्धेकाठी ही घरे आहेत, तिथल्या माशांना असे काहीच लाभलेले नाही. कुठल्या नदीत कोणत्या जाती सापडल्या याच्या याद्या पुष्कळ निघाल्या. कोणती जात कुठल्या डोहात, कुठल्या आठवड्यात विते-वाढते, याचा माग त्यामानाने फारच थोडा घेतला गेला आहे.

रोहू-कटला-मृगळ यांचे मूळ घर मुख्यतः गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रेची खोरी. तिथल्या रुंद, गढूळ, काठ सोडून पसरणाऱ्या पुरांवर त्यांची वीण बेतलेली आहे. दुसऱ्या वर्षी मासा प्रौढ होतो. उन्हाळ्यात पोट अंड्यांनी भरत जाते. जूनपासून पाऊस सुरू झाला, पाणी चढू लागले, थोडे गार आणि गढूळ झाले, की नर-माद्यांचे थवे काठाच्या उथळ, नुकत्याच बुडालेल्या गवताळ भागात येतात आणि तिथे वीण होते. रोहूची मादी किलोमागे साधारण 2 ते 3 लाख अंडी देते, कटला 1 ते 2 लाख, मृगळ 1 ते दीड लाखाच्या आसपास. अंडी कशालाही चिकटत नाहीत. पाणी शोषून ती टपोरी फुगतात आणि 27-30 अंश तापमानात पंधरा ते वीस तासांत फुटतात. पुढचे तीन दिवस पिल्लू पोटाखालच्या बलकावर काढते आणि मग त्याला पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचा चारा हवा असतो. पुराने नव्याने भिजवलेली जमीन हा चारा भरपूर पुरवते. पाळणाही पूर आणि पहिला घासही पुराचाच, अशी ही व्यवस्था आहे.

तळ्यात हे घडत नाही. मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण शेवटची पायरी अडते. पुराचा इशारा मिळाल्याशिवाय मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी पुरेसे संप्रेरक सोडत नाही आणि अंडी तशीच जिरून जातात. म्हणून 1950 च्या दशकापर्यंत देशभरची तळी नदीतून गोळा केलेल्या बीजावर चालत. बंगालमधल्या नद्यांत बारीक जाळी लावून पिल्ले धरायची आणि हावड्याहून रेल्वेने पाठवायची, असा मोठा व्यापार होता. त्या बीजात चांगल्या जातींबरोबर दुसऱ्या माशांना खाणारे आणि निरुपयोगी मासेही मिसळून येत.

ही अडचण 10 जुलै 1957 रोजी सुटली. ओडिशात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी एका माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून भारतीय कार्प जातींची तळ्यातच वीण घडवली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. कृती पुढे ठरूनच गेली. मादीला किलोमागे 2-3 मिलिग्रॅमची पहिली मात्रा द्यायची, सहा तासांनी 5-8 मिलिग्रॅमची दुसरी, आणि त्याच वेळी नराला एक. नर ओळखायचा तो छातीच्या पराच्या खरखरीतपणावरून, मादी ओळखायची फुगलेल्या मऊ पोटावरून. दुसऱ्या मात्रेनंतर चार-सहा तासांत अंडी पडतात. आता ग्रंथीच्या अर्काऐवजी तयार संप्रेरकाच्या कुप्या मिळतात आणि अंडी गोल टाक्यांतल्या फिरत्या पाण्यात उबवली जातात. वऱ्हाडच्या तळ्या-धरणांत रोहू आणि कटला पोचले ते मुख्यतः या शोधाच्या बळावर. इथल्या भोई कुटुंबांच्या रोजीचा मोठा भाग त्या अंगुलच्या तळ्याशी जोडलेला आहे. शाळेच्या पुस्तकात या दोन शास्त्रज्ञांना जागा मिळायला हवी.

शोध मोठा, पण त्याने एक जबाबदारीही आणली. नदीत वीण होते तेव्हा शेकडो नर-माद्या एकत्र येतात आणि पिढी आपोआप मिसळते. केंद्रात मात्र जनक मासे मोजके. त्याच माशांची पिल्ले वाढवून पुन्हा जनक म्हणून वापरली, की काही पिढ्यांत रक्त जवळचे होत जाते. मग वाढ मंदावते, विकृत पिल्ले निघतात, मासा लवकर आणि लहान आकारात प्रौढ होतो. कर्नाटकातल्या बीजकेंद्रांवर ए. ई. एकनाथ आणि आर. डब्ल्यू. डॉयल यांनी केलेल्या 1990 च्या अभ्यासाने हा धोका आकड्यांत मांडला. एकाच टाकीत कटला आणि रोहू एकदम टोचले, तर संकरही होतात आणि बाहेरून ते सहज ओळखू येत नाहीत. उलट बाजूचे चांगले उदाहरण म्हणजे ‘जयंती रोहू’. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर 1992 पासून निरनिराळ्या नद्यांतला रोहू एकत्र आणून निवड सुरू केली. स्वातंत्र्याच्या पन्नाशीत ते वाण बाहेर आले आणि दर पिढीला त्याच्या वाढीत सुमारे 17 टक्के सुधारणा दिसली. त्यासाठी जनक माशांची वंशावळ नीट सांभाळावी लागली. वऱ्हाडातल्या एखाद्या मच्छीमार संस्थेने बीज विकत घेताना जनक कुठले, किती आणि किती पिढ्यांचे हे विचारले, तर ते वाजवीच आहे.

बीजाचा आकार हा दुसरा मुद्दा, आणि पैसा वाया जातो तो इथेच. तीन दिवसांच्या पिल्लांना जिरे म्हणतात, बोटाएवढी झाली की बोटुकली. लाखांच्या संख्येने जिरे सोडले की कागदावर आकडा भरघोस दिसतो, पण धरणात शिंगाळा, मरळ, वाम असे शिकारी मासे असतात आणि जिरे ही त्यांची मेजवानी. मोठ्या जलाशयात दहा सेंटिमीटरपेक्षा मोठी बोटुकलीच सोडावी, असे शास्त्रज्ञ वारंवार सांगत आले आहेत. मोर्शीजवळ सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणासारख्या विस्तीर्ण पाण्यात हा फरक निर्णायक ठरतो. काठाला संगोपन तळी किंवा पाण्यात तरंगते पिंजरे ठेवून बीज दोन-अडीच महिने वाढवावे आणि मग सोडावे. खर्च वाढतो, पण मासा हाती लागतो.

साचलेल्या पाण्यात आपली आपण विणारे मासेही आहेत. सायप्रिनस हा त्यांतला एक. त्याचे बँकॉकचे वाण 1957 मध्येच भारतात आले. त्याची अंडी चिकट असतात आणि काठाजवळच्या पाणवनस्पतींना ती लगडतात. वीण वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारी ते मार्चमध्ये. दुसऱ्या विणीची गाठ वऱ्हाडात कालव्यांशी पडते. रब्बीला पाणी सोडले की धरणाची पातळी उतरते आणि काठच्या वनस्पतींवरची अंडी उघडी पडून वाळतात. तिलापिया, बाजारातली चिलापी, याहून चिवट. 1952 मध्ये आलेला हा मासा दोन-तीन महिन्यांत प्रौढ होतो, मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. परिणामी तळे बारीक चिलापीने भरून जाते आणि इतरांच्या वाट्याचा चारा संपतो. उजनी जलाशयावर सोलापूर-पुण्याकडच्या मच्छीमारांनी तिची भरभराट पाहिली आहे. वऱ्हाडात एखाद्या छोट्या तलावात ती शिरली, तर तिला बाहेर काढणे जवळपास अशक्य आहे. आफ्रिकन मागूरवर देशात बंदी आहे आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती आणखी कडक केली. तरीही शेततळ्यासाठी बीज घेणाऱ्या शेतकऱ्याने देशी मागूर म्हणून हेच पिल्लू तर गळ्यात मारले जात नाही ना, हे पाहून घ्यावे. पुरात शेततळे फुटले की हा भक्षक थेट नदीत जातो.

मग इथले खरे मूळचे रहिवासी कोणते? इथे विषय सर्वांत समृद्ध आणि माहिती सर्वांत तोकडी आहे.

तापी-नर्मदेच्या वरच्या, खडकाळ पाण्याचा राजा म्हणजे महाशीर. त्याच्या विणीला गार, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि स्वच्छ वाळू-गोट्यांचा तळ लागतो. पाऊस स्थिरावला की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो. किलोमागे त्याची अंडी काही हजारच, पण आकाराने मोठी. ती फुटायला तीन-चार दिवस लागतात. तेवढ्यात वरून गाळ आला तर अंडी गुदमरतात. म्हणजे रोहू लाखांनी अंडी देऊन जे नुकसान सोसतो, ते महाशीरला परवडत नाही. मेळघाटातल्या नद्यांकाठचे जंगल जोवर माती धरून ठेवते, तोवर त्याची वीण सुरक्षित राहते. म्हणून इथे वनरक्षण आणि मत्स्यरक्षण ही दोन कामे नाहीत. महाराष्ट्रात या माशावर सर्वांत मोलाचे काम लोणावळ्याला झाले. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या वळवण तलावाकाठी 1970 च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी महाशीरची कृत्रिम वीण यशस्वी केली आणि तिथून देशात ठिकठिकाणी पिल्ले गेली. मध्य प्रदेशाने 2011 मध्ये नर्मदेतल्या महाशीरला राज्यमासा केले. मात्र लोणावळ्याचे पिल्लू उचलून सिपनेत सोडणे हा उपाय नव्हे. प्रत्येक खोऱ्यातली जात किंवा वंश निराळा असू शकतो. तापीच्या महाशीरसाठी तापी खोऱ्यातलेच जनक घ्यायला हवेत.

मरळीची तऱ्हा अगदी वेगळी. तिला हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे आटत चाललेल्या, चिखलाच्या पाण्यातही ती तग धरते. वीण उथळ, वनस्पतींनी भरलेल्या कडेला होते. अंडी तरंगती असतात, दिवस-दीड दिवसात फुटतात आणि मग नर-मादी पिल्लांच्या तांबूस-नारिंगी घोळक्याबरोबर राखण करत फिरतात. राखणदार मासा पिल्लांना सोडून जात नाही आणि हल्ला करायला पुढे येतो. हेच शिकाऱ्याच्या पथ्यावर पडते. घोळका दिसला की खाली मोठी मरळ आहे हे कळते. ती काढली की शेकडो पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. बाजारात मरळीला भाव चांगला, म्हणून हा मोह मोठा आहे. राखणीवरची मरळ न मारण्याचा संकेत एखाद्या गावाने पाळला, तर एका पैशाचा खर्च न करता त्या गावच्या तलावातला साठा वाढेल.

याशिवाय चढणीचे मासे. मृगाचे पहिले दमदार पाणी पडले की नाल्या-ओढ्यांतून लहान-मोठ्या जाती उलट्या वर चढतात. हा चढ म्हणजेच त्यांची विणीची वाट, आणि नेमक्या याच वाटेवर, मोरीच्या किंवा बंधाऱ्याच्या तोंडाशी, पोटभर अंड्यांचे मासे सर्वांत सोपेपणाने हाती लागतात. पूर्वी वाट मोकळी असायची आणि बरेच मासे निसटून वर पोचायचे. आता ओढ्यांवर जागोजाग सिमेंटचे बंधारे आहेत. पाणी अडवण्यासाठी ते हवेतच, पण कडेने माशाला चढता येईल असा उतार ठेवलेला बंधारा शोधून सापडत नाही.

धरणांनी आणखी एक बदल केला आहे. जून-जुलैचे पहिले पूर आता धरणे भरण्यात जातात. खालच्या नदीला पाणी मिळते ते धरण भरल्यावर, बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, दरवाजे उघडतात तेव्हा, आणि तेही एकदम. जूनपासून पोटात अंडी घेऊन थांबलेल्या माशाला हा इशारा उशिरा येतो. त्यातच कपाशीवरच्या फवारणीचे दिवस आणि पिल्लांचे पहिले आठवडे एकमेकांवर येतात. वऱ्हाडची काळी माती पावसाबरोबर वाहते आणि सोबत फवारलेले औषधही ओढ्यात आणते. उन्हाळ्याचे संकट वेगळे. पूर्णा आणि तिच्या बहुतेक उपनद्या आटतात, उरतात ते डोह. पुढच्या पावसाळ्याचे सगळे जनक मासे त्या काही डोहांत कोंडलेले असतात. एप्रिल-मेमध्ये डोह उपसून मासे काढले, विष टाकले किंवा सुरुंग उडवला, तर पूर कितीही चांगला आला तरी विणायला कुणी उरत नाही. विष आणि स्फोटके वापरण्यावर 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे.

समुद्राचा धागा वऱ्हाडात दोन ठिकाणी सापडतो. एक, विदर्भाच्या तलावांत वाढवला जाणारा गोड्या पाण्यातला मोठा झिंगा. तो नदीत वाढतो, पण मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते, कारण अळ्यांना साधारण हजारी बारा भाग क्षारांचे मचूळ पाणी लागते. ते नसेल तर अळ्या मरतात. म्हणून तलावातला झिंगा कितीही मोठा झाला तरी तिथे त्याची पुढची पिढी होत नाही. बीज खारे पाणी वापरणाऱ्या केंद्रातूनच यावे लागते. दुसरा धागा खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरच्या शेकडो गावांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या केंद्राने अशाच भूजलात कोळंबी वाढवून दाखवली. ते पाहून खारपाणपट्ट्यातही व्हनामी कोळंबीचा विचार अधूनमधून पुढे येतो. विचार करण्याजोगा आहे, पण भूमिगत खारे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे. त्यात पोटॅशियम कमी असते आणि ते बाहेरून घालावे लागते. बीज किनाऱ्यावरच्या केंद्रातून आणावे लागेल, कारण इथे वीण होणार नाही. आणि तळ्यातून सोडलेले क्षारयुक्त पाणी शेजारच्या कपाशी-तुरीच्या रानात गेले, तर आधीच जड असलेली जमीन कायमची बिघडेल. निचऱ्याची सोय आधी आणि कोळंबी नंतर, हा क्रम पाळला तरच हा उद्योग इथे करावा.

पूर्णा, तापी आणि वर्धा या तिन्ही नद्या बैतूल जिल्ह्यातून निघतात. त्या जिल्ह्यात, संपूर्ण मध्य प्रदेशाप्रमाणे, 16 जून ते 15 ऑगस्ट या काळात नद्यांमधली मासेमारी बंद असते. महाराष्ट्राच्या हद्दीतही हीच बंदी नदी-नाल्यांवर काटेकोरपणे पाळली गेली, तर उगमापासून संगमापर्यंत एकच विश्रांती मिळेल. ती पाळायची तर त्या दोन महिन्यांत भोई कुटुंबांना आधार द्यावा लागेल, नुसता हुकूम काढून भागणार नाही. गावपातळीवर प्रत्येक नदीचा निदान एक डोह उन्हाळ्यात न उपसता राखून ठेवता येईल. आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागांनी, नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाच्या साथीने, पूर्णेवर आणि वर्धेवर सलग दोन वर्षे दर महिन्याला मासे तपासून विणीचे वेळापत्रक आणि प्रौढत्वाची लांबी ठरवावी. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. वजनकाटा, मोजपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि नदीवर रोज असणाऱ्या भोयांची सोबत एवढे पुरते.